गिनती

१० ऑक्टोबर १९१८ ला विल्फ्रेड ओवेनने फ्रान्समधून आपल्या कवीमित्राला एक पत्र लिहिलं. ओवेन तेव्हा २५ वर्षांचा, इंग्रज कवी, आणि पहिल्या महायुद्धात लढणारा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. थोड्याच दिवसांपूर्वीच्या हल्ल्यात त्याच्या शेजारच्या पोराच्या डोक्यात गोळी लागली होती आणि ते पोरगं अर्धा तास त्याच्या अंगावर पडून होतं. ओवेनचा खांदा त्या रक्ताने भिजून गेला. एवढं सांगून तो लिहितो, माझ्या संवेदना करपून गेल्या आहेत. धाडस होईल तेव्हा मला पुन्हा काही वाटू लागेल, पण आत्ता वाटून चालणार नाही. मेलेल्यांच्या पत्रांवर ‘मयत’ लिहिताना मी तोंडातली सिगरेटही काढत नाही.

युद्धातून जगून निघालेल्या माणसाच्या मनाबद्दल मी जे काही वाचलं, त्यात या चार ओळींइतकं नेमकं दुसरं काही मला सापडलेलं नाही. आक्रोशाचा एक शब्द नाही. चाललीय ती निव्वळ कारकुनी. पत्र घ्यायचं, शेरा मारायचा, पुढचं घ्यायचं. आणि मध्येच ते ‘धाडस होईल तेव्हा’. म्हणजे वाटणं मेलेलं नाही, त्याने ते पुढच्या तारखेवर ढकललंय. ती तारीख त्याला मिळाली नाही. ४ नोव्हेंबरला एक कालवा ओलांडताना तो मारला गेला. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हातात पडली ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या घंटा गावात वाजत असताना.

पत्र ज्याला लिहिलं तो मित्र म्हणजे सिगफ्रीड ससून. हे आडनाव पुणेकराच्या तोंडात रोज असतं. ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून आपलं ससून रुग्णालय उभं राहिलं, त्यांचा हा पणतू. पणजोबांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. पणतू इंग्लंडात वाढला, खंदकात लढला, शौर्यपदक मिळवलं आणि १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. त्याला कोर्टमार्शल करण्याऐवजी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात पाठवलं. तोफांच्या माऱ्याने मन हादरलेले अधिकारी तिथे ठेवत. ओवेनही तिथेच दाखल होता. दोघांची ओळख तिथली.

ससूनने त्या इस्पितळात ‘सर्व्हायव्हर्स’ नावाची छोटी कविता लिहिली. सुरुवातीचा सूर रुग्णाला भेटायला आलेल्या पाहुण्याचा : होतील हो बरे, धक्का बसलाय, म्हणून बोलताना अडखळतात. शेवटाला येईपर्यंत हेच लढवय्ये आपल्याकडे द्वेषाने बघणारी, मोडलेली, वेडी झालेली मुलं होतात. कविता जबरदस्त आहे. पण ती रागाची कविता आहे, आणि राग ही अजून शाबूत असलेली भावना. राग येण्याइतकंही ज्याच्यात काही उरलेलं नाही, त्याच्याबद्दल कसं लिहायचं? तिथे मला ओवेनकडेच जावं लागतं.

‘इन्सेन्सिबिलिटी’, म्हणजे बधिरपणा, ही त्याची कविता मी पहिल्यांदा वाचली ती एम.ए.ला असताना, जयकर ग्रंथालयात. बायबलमधल्या ‘धन्य ते’ या आशीर्वचनांच्या सुरात ती सुरू होते. सुखी आहेत ते, ज्यांना मारले जाण्याआधीच आपल्या शिरा थंड पाडून घेता येतात. भावांच्या देहांनी फरसबंदी झालेल्या बोळातून चालताना ज्यांचे पाय दुखत नाहीत. पुढे तो म्हणतो, आघाडी कोमेजते आहे, पण कोमेजणारी ही फुलं नव्हेत. कवींनी त्यांच्यावर आसवं ढाळत बसू नये. ही माणसं म्हणजे भरायच्या रिकाम्या जागा. मग कल्पनाशक्ती गमावलेले सुखी, कारण काडतुसांचं ओझं पाठीवर आधीच पुरेसं आहे. एकदा सगळंच लाल दिसून गेल्यावर रक्ताच्या रंगाने डोळे दुखायचे थांबतात. जखमेवर डाग द्यावा तशा कुठल्याशा लढाईत डागल्या गेलेल्या त्यांच्या संवेदना आता मरणाऱ्यांच्या घोळक्यातही हसू शकतात.

यमकांचं काय केलंय तेही बघायला हवं. व्यंजनं तीच ठेवायची आणि मधला स्वर बदलायचा. आपल्याकडे ‘माळ’ला ‘मूळ’ जोडावं किंवा ‘रात’ला ‘रीत’, तसं. कान पुढच्या ओळीत जुळणाऱ्या नादाची वाट बघतो आणि येतो तो अगदी जवळचा, पण चुकलेला नाद. सगळी कविता अशीच. दाढ काढताना इंजेक्शन घेतल्यावर आपल्याच गालाला बोट लावून बघतो, गाल असतो आणि आपला नसतो, तसं वाचताना होतं. ‘मी बधिर झालोय’ असं सांगत बसायची मग कवीला गरज राहत नाही.

या कवितेत एक वाक्य आहे ज्यापाशी मी दरवेळी थांबते. कोण वाचेल आणि कोण मरेल हे ठरवणारं नशिबाचं चमत्कारिक अंकगणित त्या शिपायांना आपल्या पगाराच्या हिशेबापेक्षा सोपं वाटतं, असं ओवेन म्हणतो. फौजा किती कापल्या गेल्या याची मोजदादही ते ठेवत नाहीत.

आकडा आणि मरण यांची ही सोयरीक आपल्याकडे जुनी आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जे झालं, ते नानासाहेब पेशव्यांना कळलं एका सावकारी चिठ्ठीतून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा अर्थाचा तो मजकूर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. खुर्दा म्हणजे ज्यांच्या घरी चिठ्ठीही जाणार नव्हती ते सगळे. नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जूनला पर्वतीवर वारले.

आता दीडशे वर्षं पुढे या. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत असलेले हिंदुस्थानी शिपाई घरी पत्रं पाठवत. पुष्कळांना लिहिता येत नसे, दुसऱ्याकडून लिहून घेत, आणि वाटेत सेन्सॉर ती उघडून वाचे. मग शिपायांनी मसाल्याची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी मिरी संपत आली आहे, असं लिहिलं की घरच्यांनी समजायचं ते समजायचं. सावकारी चिठ्ठी काय आणि ही पत्रं काय, दोन्हीकडे सांकेतिक भाषा गरजेपोटी आली हे मला कळतं. पण लिहिणाऱ्याच्या हाताला तिने दुसरीही एक सोय करून दिली असणार. ‘माझ्या गावचे सगळे गेले’ हे शब्द त्या हाताला उमटवता आले नसते. मिरी संपली, हे येतं लिहिता.

पुण्याचं नाव लावणारी ६ वी पूना डिव्हिजन त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून तिथल्या कूत गावात तिला तुर्की फौजेचा वेढा पडला. माणसं उपासमारीने खंगली, शेवटी घोडे कापावे लागले, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. कैदेत हजारो मेले. जे आले ते सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतल्या आपापल्या वाडीवस्तीत परतले आणि शेतीला लागले. कितीतरी गावांत आजही भिंतीत एक संगमरवरी पाटी असते : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. परतलेल्यांचा आकडा वजाबाकी करून आपण काढायचा.

माझे मोठे मामा अशाच एका पुरंदरच्या गावातले. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर. पेन्शन आल्यावर लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसायचे, आता धनकवडीत मुलाकडे असतात. मी शाळेत असताना धाकटे मामा दिवे घाटात अपघातात गेले. घरात बायकांनी हंबरडा फोडला होता. मोठ्या मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्याच वहीचं पान फाडून यादी केली. लाकडं, मडकं, कुणाकुणाला फोन, कुणाला आणायला कुठली गाडी. अंगणात आलेली माणसं मोजून चहा किती टाकायचा ते सांगितलं. रात्री शेजारून आलेली भाकरी पोटभर खाल्ली. दगडाच्या काळजाचा माणूस, असं सोयऱ्यांत बरीच वर्षं बोललं जायचं. त्यांच्या कानावर ते गेलंच असणार. ते कधी काही बोलले नाहीत.

त्यांची एक सवय मात्र आम्हा भाचरांना पाठ होती. जेजुरीला टेम्पोतून निघालो, की गाडी थांबेल तिथे मामा डोकी मोजणार. चहाला थांबली तरी. देवळात शिरताना, देवळातून निघताना, पंगतीला बसताना. एखादं पोर खांबाआड गेलेलं असलं आणि आकडा जमला नाही, तर ओरडणं नाही, हाका मारणं नाही. परत एकपासून सुरुवात.

युद्धाबद्दल त्यांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. काय वाटलं, भीती वाटली का, शत्रू समोर दिसला तेव्हा काय वाटलं. ‘काय वाटायचंय,’ एवढंच उत्तर. मग एका दुपारी मी त्यांना सहज विचारलं, ‘मामा, तिकडं सगळी धानाची शेतं, गुडघाभर पाणी. पायमोजे कसे वाळवायचा हो तुम्ही?’

ते बोलायला लागले ते थांबेनातच. मोजे वाळायचे नाहीत, मग पिळून पोटाशी धरून झोपायचं. चिखलात बूट रुतला की आधी पाय काढायचा का बूट. छप्पन एपीओची, म्हणजे फौजी टपालाची, पत्रं भिजून लगदा व्हायची. मग त्याच आवाजात, काही न बदलता, म्हणाले, ‘सकाळी गिनती झाली. मेजर नव्हता, म्हणून मी घेतली. नावं घेत गेलो. जिथनं आवाज नाय आला तिथं थांबायचं नाय. फुडचं नाव घ्यायचं. आपण थांबलो की बाकीची पोरं आपल्या तोंडाकडं बगत्यात. मग लंगरवाल्यानं पुऱ्या आणल्या. त्याला कुठं म्हाईत, त्यानं रातच्या हिशेबानं केल्याल्या. उरल्या.’

‘मग?’

‘मग काय, खाल्ल्या की. भुका लागल्याल्या.’

आणि परत मोज्यांवर आले.

‘काय वाटायचंय’ म्हणणाऱ्या माणसाने मला त्या दिवशी सगळं सांगितलं होतं. उरलेल्या पुऱ्या. त्यात कोण कोण गेलं, किती जवळचं होतं, सगळं आलं. ओवेनच्या तोंडातल्या सिगरेटचं काम इथे त्या पुऱ्यांनी केलं. नाव घेतल्यावर आवाज नाही आला तर थांबायचं नाही, ही शिस्त शरीरात इतकी खोल गेली की सख्ख्या भावाच्या मरणातही ती मोडली नाही. पण मोजणंही सुटलं नाही. टेम्पोतली आम्ही पोरं दरवेळी पूर्ण भरत होतो, आणि तरीही पुढच्या थांब्याला मोजणं होतंच.

आयव्हर गर्नी हा असाच एक जगून परतलेला कवी, संगीतकारही होता. त्याची एक कविता मेलेल्या मित्राच्या प्रेयसीला उद्देशून आहे. आरंभी हिरव्या टेकड्या, मेंढरं, नदीतली होडी, सगळं जुन्या इंग्रजी गीतासारखं. त्याला फुलांनी झाका, जांभळ्या फुलांनी झाका, असं तो म्हणत जातो. आणि शेवटी : ती लाल, ओली वस्तू झाका, मला ती कशीतरी विसरायची आहे. मित्र राहिला नाही, देहसुद्धा राहिला नाही, वस्तू झाली. कवितेचा गोड सूर त्या दोन विशेषणांपाशी तुटतो आणि पुढे जुळत नाही. गर्नी १९२२ पासून मनोरुग्णालयात होता, १९३७ मध्ये तिथेच गेला. युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी तो तिथे बसून खंदकांबद्दलच लिहीत होता.

दुसऱ्या महायुद्धातल्या कीथ डग्लसबद्दल फार लिहीत नाही. त्याची शैली मला सहन होण्याच्या काठावरची आहे. आत्ताच्या काळात भावुक होणं स्वतःला आणि इतरांना धोक्याचं आहे, असं त्याने एका पत्रात लिहिलं होतं, आणि कविताही तशीच लिहिली, दुर्बिणीच्या काचेतून माणूस टिपावा तशी. १९४४ मध्ये नॉर्मंडीत मारला गेला तेव्हा २४ वर्षांचा होता. ते वय मला खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलं की आठवतं. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, सगळ्या शिळा एका मापाच्या, आणि वय लिहिलेलं असतं तिथे बहुतेकदा विशीतलंच कुठलं तरी.

मराठीत युद्धाची कविता भरपूर आहे. पोवाडा तर आपल्या रक्तात आहे, अफझलखानवधापासून अण्णाभाऊंच्या स्तालिनग्राडपर्यंत. डफावर थाप पडली की माझ्याही अंगावर काटा येतो. पण पोवाडा शाहीर गातो, लढलेला शिपाई गात नाही. आणि पोवाड्याला मरण हवं असतं, नाहीतर विजय. जो मेला नाही आणि जिंकूनही घरी येऊन गप्प बसला, त्याला तिथे कडवं नाही. नेसरीच्या खिंडीतले सात वीर आपण डोळे भरून गातो, कारण त्यांतला एकही परतला नाही. परतला असता तर त्याच्याशी काय बोललो असतो? या बधिरपणाच्या जवळ जाणारा सूर मला मराठीत सापडतो तो मर्ढेकरांकडे, आणि ती कविता सैनिकांची नव्हेच. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या त्या वर्षांत मुंबईच्या पिपातल्या उंदरांवर लिहिताना त्यांनी जो सपाट, पुन्हा पुन्हा तेच म्हणणारा आवाज लावला, तो खंदकातून आलेल्या माणसाने लावावा तसा आहे. करुणा कुठेच बोलून दाखवलेली नाही, म्हणून ती सहन होत नाही.

ओवेनच्या ‘इन्सेन्सिबिलिटी’चं सहावं कडवं आमच्याबद्दल आहे. ‘सुखी आहेत ते’ म्हणत सुरू झालेल्या कवितेत पाच कडव्यांनंतर अचानक शाप येतो. शापित आहेत ते मठ्ठ, ज्यांना कुठल्याच तोफेने हादरा बसत नाही. शिपायाचा बधिरपणा लढाईने त्याच्यावर डाग देऊन आणला. यांनी तो स्वतःहून निवडला. माणसात जे कण्हतं, आसवांची जी कायमची देवघेव असते, तिच्यापासून यांनी मुद्दाम स्वतःला सुरक्षित करून घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा इंग्लंडात घरी बसून युद्धाच्या गप्पा मारणारे लोक होते.

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर ते चार दिवस पेटले होते, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर व्हिडिओ येत होते. कुठल्याशा व्हिडिओ गेममधली दृश्यंही खरी म्हणून फिरत होती. आग दिसली की टाळ्या. कराची घेतलं, लाहोर घेतलं, अजून हवं, अजून हवं. मला त्या रात्री झोप आली नाही. गेटवर आमच्याकडे सातारा जिल्ह्यातले, फौजेतून निवृत्त झालेले एक नाईक ड्युटीला असतात. सकाळी कामाला बाहेर पडताना त्यांच्याजवळ थांबले. ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होते. म्हणाले, ‘मॅडम, माझा पुतण्या जम्मूला आहे. फोन लागत नाय.’ आणि पुढच्या गाडीचा नंबर लिहिला. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. मला तेव्हा जे वाटलं तो रागच होता, आणि तो अजूनही आहे.

आता २६ जानेवारीच्या कार्यक्रमात त्या नाईक काकांचा सत्कार आणि प्रकट मुलाखत ठरली आहे. मोठ्या मामांनाही मी बोलावलंय. मुलाखत मी घेणार आहे. समितीकडून आलेल्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, ‘लढताना तुम्हाला कसं वाटलं?’ तो मी काढला. एका माणसाने कष्टाने पुढे ढकलून ठेवलेली गोष्ट तीनशे लोकांसमोर माईकवर मागायचा आपल्याला काही अधिकार नाही. त्याचं धाडस केव्हा होईल, होईल की नाही, ते त्याचं. त्या जागी मी लिहिलं : चौकीवर खेचरं होती का, त्यांची नावं काय ठेवली होती? मोजे कुठे वाळवायचा? ज्यांना वाचता यायचं नाही त्यांची पत्रं कोण वाचून दाखवायचं? शेवटच्या दिवशी लंगरात काय केलं होतं?

समितीतले एक जण म्हणाले, लोक कंटाळतील. होऊ देत. प्रश्न हेच राहतील.